घोडा दुसऱ्याचा, जीव आपला : जॉकीच्या पेशाचा हिशेब

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पुण्यात रेसचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. आमच्याकडून जरीकामाची मजुरी घेऊन जाणारे एक कारागीर दुकानात आले. माल मोजून झाला, हिशेब झाला, चहा झाला, तरी उठेनात. शेवटी म्हणाले, "सेठ, एक मशवरा हवा आहे. धाकटा पंधरा वर्षांचा झाला. वजन बेचाळीस किलो. कारचोबीवर बसायला तयार नाही. पहाटे उठतो आणि रेसकोर्सच्या कठड्याला जाऊन उभा राहतो. तिथला एक मोतद्दार सांगतो की पोरगा हलका आहे, हात नरम आहे, जॉकी होईल, लाखो कमवील. घालू का त्या लाइनीत?"

मी कापडाचा व्यापारी. घोड्यातले मला काय कळणार? त्यांना म्हटले, थोडे दिवस द्या, माहिती काढून सांगतो. विचारपूस केली, थोडे वाचन केले, आणि लक्षात आले की हा प्रश्न केवळ घोड्याचा नाही. जॉकी हाही कारागीरच आहे. त्याच्या हातात हुनर असते. पण घोडा, मैदान आणि लायसन्स दुसऱ्याच्या हातात असते. आपल्या विणकर, शिवणकर, नक्षीकाम करणाऱ्या बांधवांची स्थिती याहून फार वेगळी आहे काय? म्हणून जे त्या कारागिराला सांगितले तेच वाचक बंधूंपुढे मांडतो.

आधी एक खुलासा

रेस म्हटले की आपल्या मनात प्रथम जुगार येतो, आणि ते बरोबरच आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. घोड्यांची शर्यत ही स्वतः मना नाही. खुद्द हुजूर पैगंबर (स.) यांनी मदिनेत घोड्यांची शर्यत लावली होती. तयार केलेले घोडे हफ्यापासून सनियतुल-वदापर्यंत आणि बिनतयारीचे घोडे तेथून बनी जुरैकच्या मशिदीपर्यंत धावले. या शर्यतीत हजरत अब्दुल्लाह बिन उमर (र.) स्वतः सामील होते, असे हदीसमध्ये आहे. मना आहे ती दोन्ही बाजूंनी पैसा लावून हार-जीत करण्याची, म्हणजे बाजी.

आपल्या देशाच्या सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये एका निकालात घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे तर कौशल्याचा खेळ आहे, असे म्हटले. तो कायद्याचा निकाल झाला. आपल्यासाठी बाजी ती बाजीच. जॉकीच्या बाबतीत ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की, रेसच्या नियमांप्रमाणे जॉकीला बाजी लावण्यास सक्त मनाई असते. त्याने लावली तर लायसन्स जाते. मात्र ज्या बाजारात बाजीचा पैसा फिरतो त्या बाजारातली मजुरी घ्यावी की नाही, हा प्रश्न उरतोच. त्यावर माझ्यासारख्या कापडवाल्याने फतवा देऊ नये. तो आलिमांना विचारावा. येथे मी फक्त धंद्याची बाजू सांगतो.

अंगावरचा रंगही आपला नाही

जॉकीच्या अंगात जो रंगीत सदरा असतो त्याला त्यांच्या भाषेत 'सिल्क' म्हणतात. पूर्वी तो खरोखर रेशमी असे, आता बहुतेक नायलॉन व पॉलिस्टरच्या जातीचा असतो. १७६२ मध्ये इंग्लंडात न्यूमार्केट येथे घोड्यांच्या मालकांनी आपापले रंग नोंदवले. दुरून घोडा ओळखता यावा हा हेतू. तेव्हापासून रंग हा मालकाचा. जॉकी दुपारी दोन वाजता एकाचा पिवळा सदरा घालील आणि अडीच वाजता दुसऱ्याचा हिरवा. स्वतःचा असा रंग त्याला नाही.

त्याची कमाई दोन प्रकारची. एक, घोड्यावर बसण्याची ठरलेली फी. ती हरला तरी मिळते. दुसरी, बक्षिसातला टक्का. अमेरिकेत जिंकलेल्या बक्षिसाचा साधारण १० टक्के भाग जॉकीचा मानतात. समजा मालकाला शंभर रुपये मिळाले, तर जॉकीचे दहा. त्यातले साधारण अडीच रुपये त्याला घोडे मिळवून देणाऱ्या एजंटाचे, अर्धा रुपया सामान सांभाळणाऱ्या नोकराचे. उरले सात. त्यातून प्रवास, कर आणि औषधपाणी. शिवाय आठ घोडे धावले तर जिंकणारा एकच. बाकीच्यांची मुख्य कमाई बसण्याच्या फीचीच. ज्याला मालक सालभराचा करार करून बांधून घेतात तो सुखी. इतरांनी रोज पहाटे तबेल्यावर जाऊन काम मागायचे. आपल्या जॉबवर्क करणाऱ्या लूमवाल्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

ही मंडळी येतात कोणत्या घरांतून?

पहिले उत्तर असे की, बापाच्या तबेल्यातून. इंग्लंडचा फ्रेड आर्चर १८५७ मध्ये जन्मला. पुढच्याच वर्षी त्याचा बाप विल्यम आर्चर याने लिटल चार्ली नावाच्या घोड्यावर ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची मोठी शर्यत जिंकली. फ्रेडला अकराव्या वर्षी मॅथ्यू डॉसन या ट्रेनरकडे न्यूमार्केटला शागिर्द म्हणून ठेवले. तो तेरा वर्षे ओळीने इंग्लंडचा पहिल्या क्रमांकाचा जॉकी होता आणि त्याने २,७४८ शर्यती जिंकल्या.

लेस्टर पिगॉट याचे घराणे तर आपल्याकडील एखाद्या गवयाच्या घराण्यासारखे. आजोबा अर्नी पिगॉट यांनी १९१२ आणि १९१९ मध्ये ग्रँड नॅशनल जिंकली. बाप कीथ आधी जॉकी, मग ट्रेनर. १९६३ ची ग्रँड नॅशनल त्यांनी तयार केलेल्या अयाला या घोड्याने जिंकली. आईचे माहेर रिकाबी, तेही जॉकींचेच घर. असा मुलगा १९४८ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, पहिली शर्यत जिंकला यात नवल ते काय? इंग्लंडची डर्बी त्याने पुढे नऊ वेळा जिंकली.

इटलीच्या फ्रँकी देत्तोरीचा बाप जानफ्रँको तेरा वेळा इटलीचा अव्वल जॉकी. आई सर्कशीत झुल्यावर काम करणारी. १९८५ मध्ये चौदा वर्षांच्या मुलाला बापाने परक्या मुलखात, न्यूमार्केटला, उस्तादाच्या हाताखाली धाडून दिले. त्याच मुलाने २८ सप्टेंबर १९९६ रोजी अॅस्कॉटच्या मैदानावर एका दिवसातल्या सातही शर्यती जिंकल्या.

घराण्याचा फायदा नेमका काय होतो? रक्तात काही येते असे लोक म्हणतात. मला त्याहून साधे कारण दिसते. अशा घरातल्या मुलाला चालायला येण्याआधी घोड्याची भीती गेलेली असते. कोणता ट्रेनर बोलण्याचा खरा, कोणता मालक पैसे थकवतो, हे त्याला जेवताना ऐकून कळते. पहिली संधी मागायला दार ठोठवावे लागत नाही. आपल्याकडे कारखानदाराच्या मुलाला सुताचा नंबर बोटाने कळतो, तसेच हे.

खाणमजुराचा मुलगा

पण बाप तबेल्यात नसला तर? याचे उत्तर म्हणजे गॉर्डन रिचर्ड्स. १९०४ मध्ये इंग्लंडच्या श्रॉपशायर भागात जन्म. बाप कोळशाच्या खाणीत मजूर. आई पूर्वी शिवणकाम करणारी. घर कडक धार्मिक, जुगाराला वाईट मानणाऱ्या पंथाचे. खाणीत गाड्या ओढणारी तट्टे बापाने घरी पाळली होती. त्यांच्यावर मुलगा बसायला शिकला. एका कंपनीच्या गोदामात कारकुनी करीत असता त्याने वर्तमानपत्रातली जाहिरात वाचली आणि पंधराव्या वर्षी शागिर्द म्हणून तबेल्यात गेला. १९२१ मध्ये पहिली शर्यत जिंकली. १९२६ मध्ये क्षयाने गाठले, तरी परत उठला. एकूण सव्वीस वेळा अव्वल जॉकी, ४,८७० विजय. डर्बी मात्र हुलकावणी देत राहिली. ती १९५३ मध्ये अठ्ठाविसाव्या प्रयत्नात मिळाली. त्याच वर्षी सरकारने 'सर' हा किताब दिला. त्याच्या मागून दोन भाऊही जॉकी झाले. म्हणजे ज्या घरात हा पेशा नव्हता, तेथे एका मुलाच्या मेहनतीने तो आला.

हे शक्य झाले ते शागिर्दीच्या पद्धतीमुळे. ती समजून घेण्यासारखी आहे. नवख्या मुलाला आपला किमती घोडा कोण देईल? त्यावर तोड अशी काढली की, शिकाऊ जॉकी बसला तर घोड्यावरचे ठरलेले वजन कमी करायचे. इंग्लंडच्या नियमाप्रमाणे वीस विजयांपर्यंत सात पौंड, म्हणजे तीन किलोंहून थोडे जास्त. पन्नास विजयांपर्यंत पाच पौंड. पंच्याण्णव विजयांपर्यंत तीन पौंड. त्यानंतर सवलत बंद. घोडा हलका धावतो म्हणून मालक नवख्याला घेतो, आणि नवखा काम करता करता शिकतो. बदल्यात उस्ताद त्याच्या फीमध्ये वाटा घेतो. तेथे हा वाटा निम्मा असे. ज्यांची सवलत संपल्यावर मागणीही संपते असे पुष्कळ असतात. सवलतीवर मिळालेले काम आणि हुनरावर मिळालेले काम यांतला फरक त्या दिवशी कळतो.

महालक्ष्मी आणि पुणे

आपल्या मुंबईशी घोड्यांचे नाते जुने आहे. इराक व आखातच्या किनाऱ्यावरून अरबी घोडे जहाजाने मुंबईच्या बंदरात उतरत आणि भायखळ्याकडे विकले जात. पहिले रेसकोर्सही भायखळ्यालाच होते. महालक्ष्मीचे १८८३ पासूनचे. खोजा इस्माईलींचे इमाम तिसरे आगाखान यांच्या घोड्यांनी इंग्लंडची डर्बी पाच वेळा जिंकली : १९३०, १९३५, १९३६, १९४८ आणि १९५२. १९३४ ची डर्बी राजपिपळ्याच्या महाराजांच्या विंडसर लॅडने मारली होती. म्हणजे मालक येथले होते, पण जॉकी तिकडचे. १९४३ मध्ये मुंबईत इंडियन डर्बी सुरू झाली. ती पहिली डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली, तेव्हाही पाठीवर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन होता.

हळूहळू आपली माणसे वर आली. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे ही मराठी नावे, पेसी श्रॉफ हे पारशी नाव, अस्लम कादर हे आपले नाव रेस पाहणाऱ्यांच्या तोंडी झाले. पेसी श्रॉफ यांनी इंडियन डर्बी आठ वेळा जिंकली आणि नंतर ट्रेनर म्हणून तितकेच नाव कमावले. नरेडू घराण्यात एक पिढी जॉकी होऊन मग ट्रेनर झाली, आणि दुसरी पिढी, सूरज नरेडू वगैरे, आता घोड्यावर आहे. येथेही घराण्याची तीच रीत दिसते. आपल्या बिरादरीतली माणसे या व्यवसायात साईस, नालबंद, खोगीर करणारे म्हणून फार आधीपासून आहेत. तबेल्यात वाढलेली मुले पहाटे घोडे फिरवता फिरवता जॉकी होतात. काही टर्फ क्लब शिकाऊ जॉकींच्या शाळाही चालवतात. पण शिकतात अनेक, मैदानात नाव होते मोजक्यांचे. बाकीचे पहाटेची कसरत करून देणारे रायडिंग बॉय म्हणून आयुष्य काढतात. कामाची जोखीम तीच, कमाई मात्र मजुराची.

वजनाचा जाच

या पेशाची खरी किंमत तराजूवर मोजतात. शर्यतीआधी आणि शर्यतीनंतर जॉकीला खोगिरासह वजनकाट्यावर बसावे लागते. साधारण पन्नास-पंचावन्न किलोंच्या आत राहायचे, आणि तेही ताकदीने. पाचशे किलोंचे जनावर काबूत ठेवायचे म्हणजे उपाशी अंगाने चालत नाही. पण पोटभर खाल्ले तर काटा बोलतो.

वर ज्याचे नाव आले तो फ्रेड आर्चर चांगला पाच फूट दहा इंच उंच होता. वजन राखण्यासाठी जुलाबाचे औषध घेणे, घाम काढणे, दिवसेंदिवस उपास हे चालूच असे. १८८४ मध्ये पत्नी बाळंतपणात गेली. १८८६ च्या ऑक्टोबरात एका मोठ्या शर्यतीसाठी त्याने उपाशी राहून शरीर सुमारे चोपन्न किलोंवर आणले, आणि तरीही ती शर्यत घोड्याच्या डोक्याएवढ्या अंतराने हरली. त्यानंतर विषमज्वर झाला. ८ नोव्हेंबर १८८६ रोजी तापाच्या भरात त्याने स्वतःवर गोळी झाडली. वय अवघे एकोणतीस. देशातला सगळ्यात यशस्वी कारागीर, आणि त्याचा असा शेवट!

जेथे वयाचा नियम नसतो तेथे हे वजन पोरांवर येते. आखाती देशांतील उंटांच्या शर्यतींत पाकिस्तान, बांगलादेश, सुदान येथल्या गरीब घरांतली लहान लहान मुले उंटावर बांधली जात, कारण मूल सर्वांत हलके. ती मुले आपलीच होती, नेणारे दलालही बहुतेक आपलेच होते. शेवटी २००५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने अठरा वर्षांखालील स्वारांवर कायद्याने बंदी घातली, हजारावर मुले मायदेशी पाठवली, आणि उंटावर यंत्राचा छोटा रोबो बसू लागला. जे काम यंत्र करू शकत होते त्यासाठी इतकी वर्षे पोरे वापरली गेली. 'मुलगा हलका आहे' हे वाक्य कोणी कौतुकाने बोलले, तर बापाने आधी विचारावे की याचा फायदा कोणाला?

शर्यतीमागून धावणारी गाडी

दुसरी जोखीम पडण्याची. प्रत्येक शर्यतीच्या मागे मैदानाच्या कडेने अँब्युलन्स धावत असते. दुसऱ्या कोणत्या पेशात कारागीर कामाला लागताच मागे अँब्युलन्स लावतात? १९७९ मध्ये महालक्ष्मीला शर्यतीत पडून झालेल्या दुखापतीने कार्ल उमरीगर हा होतकरू पारशी जॉकी विशीच्या आतच गेला. चांगल्या, सधन घरचा मुलगा होता. पैशाने तेथे काही चालले नाही.

इंग्लंडात १९६३ व १९६४ मध्ये टिम ब्रुकशॉ आणि पॅडी फॅरल हे दोन जॉकी पडून कायमचे अपंग झाले. त्यांच्या घरांचे हाल पाहून १९६४ मध्ये लोकांनी जखमी जॉकींसाठी फंड सुरू केला. तो आजही जखमी जॉकींचा औषधोपचार आणि त्यांच्या कुटुंबांची मदत करतो. म्हणजे दोन माणसे खाटेवर पडल्यावर बिरादरीला जाग आली. आपल्याकडे लूमच्या खात्यात बोटे गेलेला, जरीकामात डोळे गेलेला कारागीर कोणाकडे पाहतो? जकातीच्या महिन्याची वाट पाहतो. मोहल्ल्याच्या पतपेढीने किंवा जमातीने कारागिरांसाठी असा कायमचा फंड का करू नये, याचा आपण विचार केला पाहिजे.

कमावले, पण हिशेब?

लेस्टर पिगॉटची नऊ डर्बींची गोष्ट वर आली. तिचा दुसरा भागही व्यापारी वाचकाने ऐकावा. १९८७ मध्ये तीस लाख पौंडांहून अधिक उत्पन्न करखात्यापासून दडवल्याबद्दल त्याला तीन वर्षांची कैद झाली. सुमारे एक वर्ष तो तुरुंगात होता. मिळालेला मानाचा किताबही सरकारने काढून घेतला. सुटून आल्यावर १९९० मध्ये चोपन्नाव्या वर्षी परत घोड्यावर बसला आणि काही दिवसांतच अमेरिकेत मोठी शर्यत जिंकला. २०२२ मध्ये तो वारला. हुनर तसेच होते. डाग मात्र राहिला. एका दिवसात सात शर्यती जिंकणाऱ्या देत्तोरीवरही मार्च २०२५ मध्ये कराच्या वादातून दिवाळखोरीचा अर्ज देण्याची पाळी आली.

ही दोन्ही माणसे मेहनतीत कमी नव्हती. घराण्याने घोडा शिकवला. पण वहीची जबाबदारी दुसऱ्यावर टाकून चालत नाही. आपल्याकडेही बारीक कलाकुसर करणारा माणूस 'हिशेबाचे सेठ बघतील' म्हणतो. सेठ म्हणून मी स्वतः सांगतो, आपला हिशेब आपल्या हाताने लिहिलेला असावा. सेठ भला असला तरी.

हातातून गेलेला पेशा

आता मी जे सांगणार आहे ते एका मुलाचे नव्हे, अख्ख्या बिरादरीचे आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात घोडे सांभाळण्याचे व पळवण्याचे काम गुलामीच्या काळात काळ्या माणसांच्या गळ्यात होते. १८६५ मध्ये गुलामी गेली, पण हुनर हातात राहिले. १८७५ मध्ये केंटकी डर्बी पहिल्यांदा झाली, तेव्हा पंधरा जॉकींपैकी तेरा काळे होते, आणि जिंकला तो ऑलिव्हर लुइस हाही काळाच. पहिल्या अठ्ठावीस डर्बींपैकी पंधरा काळ्या जॉकींनी जिंकल्या. आयझॅक मर्फी याने तीन जिंकल्या : १८८४, १८९० आणि १८९१.

मग या पेशात पैसा व नाव दिसू लागले, आणि दुसऱ्यांचे लक्ष तिकडे गेले. गोरे जॉकी शर्यतीत संगनमत करून काळ्या जॉकीचा घोडा कठड्यावर दाबू लागले. घोड्याला इजा नको म्हणून मालक काळ्या जॉकीला घेईनात. लायसन्सचा अधिकार ज्यांच्या हाती गेला ते त्यांच्यातले नव्हते. बाहेर वर्णभेदाचे कायदे कडक होत होते. १९०१ आणि १९०२ च्या डर्बी जिंकणारा जिमी विंकफील्ड, सतरा भावंडांतला धाकटा, पोटासाठी रशियाला गेला. तेथे नाव कमावले. क्रांती झाल्यावर १९१९ मध्ये ओडेसाहून दोनशेहून अधिक घोडे घेऊन पोलंडपर्यंत आला, आणि शेवटी फ्रान्समध्ये स्थायिक झाला. १९६१ मध्ये डर्बीनिमित्तच्या जेवणाचे आमंत्रण होते म्हणून केंटकीला परतला, तर हॉटेलच्या दारातच त्याला अडवले. १९२१ नंतर केंटकी डर्बीत काळा जॉकी दिसला तो थेट २००० साली.

हुनर कमी पडले म्हणून हे झाले नाही. हातात फक्त हुनर होते, म्हणून झाले. तबेल्याची मालकी नाही, लायसन्स देणाऱ्या मंडळात आपला माणूस नाही, एकजुटीची संघटना नाही. वीस-पंचवीस वर्षांत पेशा हातातून गेला. विणकाम, चर्मकाम, छपाई, नक्षी यांत ज्या बिरादऱ्या पिढ्यानपिढ्या आहेत त्यांनी ही हकीगत दोनदा वाचावी.

उलट बाजूही सांगतो. २०१९ मध्ये इंग्लंडच्या गुडवुड मैदानावर हौशी महिलांच्या धर्मादाय शर्यतीत अठरा वर्षांची खदिजा मेल्लाह हिजाब घालून उतरली आणि जिंकली. तिला घोडा कोठे मिळाला? लंडनच्या ब्रिक्स्टन भागात गरीब मुलांसाठी चालणाऱ्या एका घोडेस्वारीच्या क्लबात. घराणे नव्हते, पण मोहल्ल्याने काढलेली संस्था होती. बंद दार असे उघडते.

त्या कारागिराला काय सांगितले?

त्यांना मी पाच गोष्टी सांगितल्या. एक, दहावी झाल्याशिवाय काही नाही. करार वाचता आला पाहिजे आणि हिशेब लिहिता आला पाहिजे. दोन, मोतद्दाराच्या शब्दावर नव्हे, क्लबच्या शाळेत किंवा लायसन्स असलेल्या ट्रेनरकडेच. आणि फी, वाटा, मुदत सारे कागदावर. तीन, पडला तर इलाज कोण करील, विमा कोणाचा, हे आधी विचारा. चार, तुमचे थोरले दोन मुलगे पाहा. दोघेही सतराव्या वर्षी एकदम उंच झाले. धाकट्याचेही तसे झाले तर बेचाळीसचे साठ किलो व्हायला वेळ लागणार नाही. तेव्हा त्याला उपाशी ठेवणार काय? त्यासाठी दुसरे कसब हाताशी हवे. घोड्याच्या नालाचे, औषधोपचाराचे, खोगिराचे काम शिकला तर वजनकाटा त्याचे काही बिघडवू शकणार नाही. पाच, रोजीच्या हलाल-हरामचा प्रश्न मुफ्ती साहेबांपुढे ठेवा, आणि मुलाला सोबत घेऊन जा.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "सेठ, यातल्या चार गोष्टी तर मला जरीच्या कामात घालताना माझ्या अब्बांनी विचारायला हव्या होत्या." मी निरुत्तर झालो. त्यांची मजुरी ठरवणारा मीच, आणि आमच्यातही आजवर कागद नव्हता.

तो कागद आता केला आहे. मुलगा या वर्षी दहावीला बसतो आहे. पहाटे कठड्याला जाणे चालूच आहे. तो घोड्यावर बसो अगर न बसो, अल्लाहने त्याला जे हुनर दिले असेल त्याचे मोल त्याच्याच हाती यावे एवढीच दुआ. वाचक बंधूंनीही आपापल्या कारागिरांशी, आणि कारागिरांनी आपापल्या सेठांशी, हे पाच प्रश्न एकदा समोरासमोर बसून बोलावेत.